गोड बंद केलं, पण तेलाचं काय?

तायांनो, बैठकीत कुणीतरी विचारतंच, "मी तं गोड खातच नाही, मंग मले शुगर कशी झाली?"

मधुमेह फक्त गोडानं होत नाही. डालडा, पामतेल, तूप, साय यांतली थिजणारी चरबी म्हणजे संपृक्त चरबी. ती रोज जास्त पोटात गेली की यकृतात चरबी साठते, इन्सुलिनचं काम मंदावतं आणि रक्तातली साखर वाढते. पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी अशी असते, करडईच्या तेलात जेमतेम दहावा हिस्सा. मूर्तिजापूरच्या बाजारातला आलूबोंडा कोणत्या तेलात तळला ते कळत नाही. घरचं तेल मात्र आपल्या हातात आहे.

हिशोब सोपा आहे. तेल-तूप मिळून माणशी रोज 20 ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. पाच माणसांना महिन्याला 3 किलो. आपल्या घरी किती लागतं, ते बचतीसारखं वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत सांगा.

तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात साखर मोफत तपासून घ्या. उपाशीपोटी 100 ते 125 आली तर वेळीच सावध व्हा. 126 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.