देश, काल, पात्र आणि मृत्युपत्र

मनुष्य आयुष्यभर द्रव्य मिळवितो, राखतो, वाढवितो; परंतु आपल्या मागे त्याचे काय व्हावे, हे ठरविण्याचे काम मात्र उद्यावर ढकलीत राहतो. मृत्युपत्राचा विषय निघाला की घरात काही अभद्र बोलले गेले, असे वाटते. कोणी म्हणतो, "मुले शहाणी आहेत, ती पाहून घेतील." कोणी याच्याही पुढे जाऊन म्हणतो की, आपण गीतेचे वाचक, मागे राहणाऱ्या द्रव्याची चिंता आपणांस कशाला? हा दुसरा आक्षेप आधी तपासला पाहिजे, कारण तो वैराग्याचा वेष घेऊन येतो.

फळाची आसक्ती सोडणे आणि कर्तव्य सोडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मोहाने नेमून दिलेले कर्म टाकणे हा तामस त्याग, आणि ते कष्टाचे आहे म्हणून टाळणे हा राजस त्याग, असे अठरावा अध्याय सांगतो. मृत्युपत्र न करणे बहुधा या दोहोंपैकी एकात मोडते. सात्त्विक दानाचे लक्षण सतराव्या अध्यायात आले आहे: ते योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री आणि परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले असावे. माणसाच्या मागे जे उरते, त्यासही हीच कसोटी लावून पाहता येते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

प्रथम काल. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी १८९८ साली, म्हणजे हयातीतच, उच्च संशोधनाच्या विद्यापीठासाठी सुमारे ३० लाख रुपये किमतीची मालमत्ता देऊ केली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी त्यांनी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले. १८९३ साली जपानहून निघालेल्या प्रवासात दोघांची गाठ पडली होती. त्या वेळच्या संभाषणाचे स्मरण देऊन, या देशातील वैराग्यवृत्ती विज्ञानाच्या उपासनेकडे वळवावी, असा विचार त्यांनी मांडला. पुढे मात्र योजना सरकारी चौकशीत आणि शंकाकुशंकांत अडकली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा संस्थेची एक वीटही रचली गेली नव्हती. संकल्प केवळ मनात असता, तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता. परंतु हेतू लिहिलेला होता, मालमत्ता निश्चित केलेली होती, आणि दोराबजी व रतनजी या पुत्रांना पित्याची इच्छा स्पष्ट ठाऊक होती. म्हणून ते काम पुढे नेऊ शकले.

आता देश. मालमत्ता मुंबईची, तरी संस्था कोठे शोभेल हे निराळे पाहिले गेले. विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से यांनी पाहणी करून बंगळूरची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने १९०७ साली ३७१ एकर जमीन दिली. २७ मे १९०९ रोजी धर्मादाय देणग्यांच्या १८९० च्या कायद्याखाली आदेश निघून देणगीची मालमत्ता कुटुंबाच्या हातून कायमची वेगळी झाली. १९११ साली पहिले विद्यार्थी आले.

शेवटी पात्र. जमशेटजींनी संस्थेस आपले नाव लावू दिले नाही. बंगळूरचे लोक तिला आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, ते कृतज्ञतेने. १९३३ साली कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी स्त्री म्हणून प्रथम नाकारला गेलेला प्रवेश आग्रहाने येथेच मिळविला. अशी कोणी विद्यार्थिनी येईल, हे दात्यास ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्याचे नावही माहीत नाही त्याच्यासाठी नीट व्यवस्था करून ठेवणे, यातच अपेक्षारहित दानाची खूण आहे.

कोणास वाटेल, ही धनवंतांची गोष्ट. एक घर आणि थोडी ठेव असणाऱ्याने काय करावे? त्यास तर याची अधिकच आवश्यकता आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या कायद्याने पत्नी, मुलगे, मुली व आई यांस समान वाटे मिळतात. हे न्याय्य असले, तरी कोणता मुलगा आजारी आहे, हे कायदा जाणत नाही. जिने जन्मभर घर सांभाळले, त्या अविवाहित बहिणीस पत्नी व मुले असताना काहीच मिळत नाही. तिची काळजी फक्त भाऊच घेऊ शकतो, आणि तीही जिवंतपणीच.

यासाठी करावयाचे थोडके आहे. मृत्युपत्रावर करणाराची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यास काही मिळावयाचे आहे त्यास साक्षीदार न करणे शहाणपणाचे. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मन सावध असेपर्यंत मृत्युपत्र बदलताही येते. स्वतः मिळविलेले कोणासही देता येते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र आपल्या हिश्श्यापुरताच अधिकार चालतो, आणि २००५ पासून तेथे मुलीसही जन्मतः हिस्सा आहे. बँकेत किंवा समभागांवर ज्याचे नाव नामनिर्देशनात घातले, तो त्यामुळे मालक होत नाही. समभागांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे स्पष्ट केले.

मृत्युपत्र लिहिताना मनुष्यास आपल्या एकेका वस्तूपुढे 'हे माझे नव्हे, मी केवळ सांभाळणारा' असे म्हणावे लागते. अनासक्तीचा याहून सरळ अभ्यास गृहस्थास क्वचितच मिळेल.

मननासाठी
१. आपल्या मागे कोणाचा निर्वाह केवळ आपल्यावर अवलंबून आहे?
२. त्याविषयीची आपली इच्छा मनात आहे, की कागदावर?
३. जे द्यावयाचे, त्यातून आपल्या नावाची अपेक्षा वगळता येईल काय?