डोहाचा ठावठिकाणा

मासा कोठे लागतो हे चारचौघांना सांगावे की सांगू नये, हा प्रश्न वरवर पाहता गळ टाकणाऱ्यांच्या गप्पांतला वाटेल. परंतु अर्थशास्त्रात सामायिक संपत्तीचा भाग अभ्यासताना मला तो वारंवार आठवू लागला. माझे गाव सावित्रीच्या खोऱ्यातले. त्यामुळे प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः कोकणातील नद्यांना धरून केले आहे.

प्रथम नदीचा स्वभाव पाहू. कोकणातील नद्या लांबीने तोकड्या आणि तीव्र उताराच्या. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात; उन्हाळ्यात अनेकींची धार तुटते. उरतात ते खडकांतले डोह. आमच्याकडे त्यांना कोंड म्हणतात. लांबलांबच्या पात्रातले मासे अशा एखाद्या कोंडात येऊन दाटतात. पुढच्या पावसात नदी पुन्हा वसवायची ती याच माशांनी. दुसरी नाजूक वेळ जूनची. पहिल्या मोठ्या सरींबरोबर कितीतरी जातींचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर चढतात. हेच वळगणीचे किंवा चढणीचे मासे. गाभोळीमुळे ते चवीला श्रेष्ठ, आणि गाभोळीमुळेच त्यांची शिकार नदीला सर्वांत महाग पडते.

या दोन्ही वेळा गावाला पूर्वीपासून माहीत होत्या. मग मासे टिकले कसे? पूर्वीची माणसे संयमी होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सुरुंग लावणारे आणि विषारी फळे कुटून पाण्यात टाकणारे त्या काळीही होते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यात सुरुंग व विष यांना बंदी घालावी लागली, हा त्याचा पुरावा. माझ्या मते खरे कारण असे की, कोंडाची नेमकी माहिती असणारे थोडे होते, ते पायी येत आणि त्यांना सारे ओळखत. माहिती बापाकडून मुलाकडे, फार तर मेव्हण्याकडे जाई. अंतर आणि ओळख हीच दोन अलिखित बंधने होती.

मोबाइलने ही दोन्ही बंधने एकदम सैल केली. मासा हातात धरून काढलेल्या छायाचित्रात मागचा पूल किंवा देऊळ दिसले, तरी जाणत्याला ठिकाण कळते. काहीजण तर नकाशावरची खूणच पाठवतात. वळगणीच्या चित्रफिती जूनमध्ये फेसबुकवर व यूट्यूबवर फिरू लागतात आणि रविवारी ओढ्याकाठी अनोळखी मोटारसायकली उभ्या राहतात. जागा सांगण्याची हौस अर्थात नवी नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर १८७३ मध्येच ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पण ग्रंथ वाचून नदीवर पोहोचायला महिने लागत; आता एक रात्र पुरते.

येथे आणखी एक फसगत होते. समजा, एका कोंडात शंभर मासे होते, त्यांतले सत्तर गेले. उरलेले तीसही त्याच खोलगट भागात दाटून राहतात. त्यामुळे गळाला मासा लागतच राहतो आणि ‘इथे मासा भरपूर’ हे सांगणे चालूच राहते. तुटवडा ध्यानात येतो तेव्हा कोंड जवळजवळ रिकामा झालेला असतो. हौसेने आलेला माणूस मग दुसरी जागा शोधतो. पण ओढ्यातल्या माशांवर ज्यांचे उन्हाळ्यातले कालवण अवलंबून असते, त्या कातकरी कुटुंबांना दुसरी जागा नसते.

मग जागा गुप्त ठेवणे हाच उपाय काय? तसे मला वाटत नाही. महाड तालुक्यात काळ नदीवरचे वाळणकोंड पाहावे. तेथील महसीर माशांची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. लोक मुद्दाम ते पाहायला जातात, त्यांना खाऊ घालतात. तरी मासे आहेत, कारण ते देवीचे मानले जातात व कोणी धरीत नाही. म्हणजे जागा जितकी जाहीर, तितकाच तिचा नियमही जाहीर.

माहितीचा उपयोगही होतो. कर्नाटकात कावेरीकाठी गळाने मासे धरून पुन्हा सोडणाऱ्यांनी आपल्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदींवरून संशोधकांना दिसून आले की, तेथला मूळचा वशिंडाचा महसीर घटत आहे आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत आहे. मूळची जात पुढे २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरली. नोंदी नसत्या तर ही घट कदाचित उशिरा कळली असती.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की, सामायिक कुरणात प्रत्येकजण आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेर कुरणच संपते. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वापरणारेच नियम ठरवतात व एकमेकांवर लक्ष ठेवतात तेथे असे होतेच असे नाही. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या कोंडांना मला हा दुसरा विचार अधिक लागू वाटतो.

त्या दृष्टीने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कोरड्या महिन्यांत कोंडाची आणि जूनमध्ये वळगणीची जागा कोणीही प्रसिद्ध करू नये. दुसरी, छायाचित्र टाकायचेच तर मासा दाखवावा, ठिकाण नव्हे. तिसरी व महत्त्वाची, ग्रामसभेने कातकरी वाडीला बरोबर घेऊन प्रत्येक कोंडाचा नियम ठरवावा आणि तो काठावर फलकावर लिहावा : कोणत्या महिन्यांत बंदी, केवढा मासा सोडून द्यायचा, विचारायचे कोणाला. असा फलक लागला की त्याचेही छायाचित्र खुशाल सर्वत्र फिरू द्यावे.