घराचे दप्तर

बजबज,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भाचीस,


तुझे पत्र पावले. माईच्या वर्षश्राद्धापूर्वी तिच्या आठवणींचे एक टिपण सिद्ध करण्याचा तुझा संकल्प वाचून अंतःकरण भरून आले. सोबत पाठविलेल्या आरंभात तू तिला ‘वात्सल्यमूर्ती’ आणि ‘त्यागाची प्रतिमा’ म्हटले आहेस. ही विशेषणे खोटी नाहीत. तथापि जी महाराष्ट्रातल्या कोणत्याही आजीला लावता येतील, त्यांनी तुझ्या आजीची ओळख पटत नाही. नव्वदी ओलांडलेले तिचे आयुष्य एखाद्या संस्थानाच्या इतिहासाइतक्याच कसोशीने शोधण्याजोगे आहे, आणि त्याच रीतीने तू ते शोधावेस, एवढेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

जिथे तिचा बहुतेक संसार झाला त्या बंगालातल्या या बजबजचेच उदाहरण घे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी व्हँकुव्हरहून परत धाडलेल्या कोमागाटा मारू जहाजाच्या उतारूंना, जे बहुतेक शीख होते, इथे उतरवून थेट पंजाबच्या आगगाडीत बसण्याचा हुकूम झाला. बहुतेकांनी तो मानला नाही, ते कलकत्त्याच्या वाटेने पायी निघाले, त्यांना माघारी फिरविण्यात आले, आणि इथेच झालेल्या गोळीबारात वीसएक उतारू प्राणास मुकले. सरकारने चौकशी समिती नेमली, जबान्या झाल्या, अहवाल निघाला. तो अहवाल सरकारच्या बाजूचा होता. जहाजाचे पुढारी बाबा गुरदित सिंग यांनी आपली बाजू स्वतः लिहून मांडली. अशी दुहेरी नोंद उरली म्हणून १९५२ साली पंडित नेहरूंनी इथल्या स्मारकाचे उद्घाटन केले तेव्हा, इतकी वर्षे लोटूनही, काय घडले ते सांगता आले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेही कुण्या फडणिसाने आणि कारकुनाने रोजचा रोज कागद लिहून रुमालात बांधून ठेवला होता म्हणूनच. राज्याला दप्तर असते. घराला ते नसते. साठ-सत्तर वर्षे ज्या बाईने घर चालविले तिच्या कारभाराचे साक्षीदार तेवढे मागे राहतात, आणि तेही दरसाल कमी होत जातात.

अण्णासाहेब कर्व्यांचे नाव तुला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सारे बाया म्हणत, त्यांचे ‘माझे पुराण’ तू आता अवश्य वाच. आठव्या वर्षी लग्न, पाठोपाठ वैधव्य, त्यानंतर सासरी कष्टात गेलेली तारुण्याची वर्षे, १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात प्रवेश, १८९३ साली पुनर्विवाह आणि त्यापायी भोगलेला बहिष्कार, आणि पतीने आपले सर्वस्व स्त्रीशिक्षणाच्या संस्थेस वाहिले असता घराचा गाडा ओढण्यासाठी केलेली खटपट, हे सर्व त्या बाईने वृद्धपणी साध्या बोलीत सांगितले, आणि १९४४ साली ते छापले गेले. ते सांगितले गेले नसते तर कर्व्यांच्या आत्मवृत्तातून एका घराची अर्धीच हकीकत महाराष्ट्राला कळली असती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही, पित्याचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या पुत्राने आईकडे आठवणी मागितल्या, म्हणून आकारास आली. मागणारा कुणी असावा लागतो. आपल्या कुळात तो मान आता तुझ्याकडे आला आहे.

तेव्हा कामाला अशी लाग. प्रथम माईच्या हयात परिचितांची यादी कर आणि सर्वांत वृद्ध असेल त्याच्याकडे आधी जा. ‘माई कशी होती?’ असे विचारू नकोस. त्याला सारे ‘फार मायाळू’ एवढेच उत्तर देतील. महिन्याचा किराणा किती रुपयांत येई, कोकम आणि मेतकूट गावाकडून कोण आणी, दुखणाईताच्या उशाशी रात्री कोण जागे, दागिना कधी गहाण पडला व कसा सुटला, असे विचार. बंगालीचा गंध नसलेली ती नवी सून शेजारणींकडून ती भाषा कशी शिकली, हिवाळ्यात इथे खजुराचा नवा गूळ आला की त्याची पुरणपोळी करून ती किती घरी पोचवी, आणि तागाची गिरणी बंद पडल्यावर शेजारच्या कामगारांच्या बायकांना तिने आपल्या यंत्रावर शिवण कसे शिकविले, हे इथल्या वृद्ध बायका अजून सांगतात. त्या तिला ‘माशीमा’ म्हणत. त्यांच्या जबान्या मी घेतो. कोकणातल्या तू घे. ट्रंकेतील पत्रे, पावत्या, शिधापत्रिका, हिशेबाच्या वह्या यांतला कपटाही फेकू नकोस; तारीख असेल ती टिपून घे, आणि दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही लिही.

दुसरे असे की, तिचा करारीपणा लपवू नकोस. ती रागीट होती. थोरल्या सुनेशी तिचे कित्येक दिवस बोलणे नसे. सोवळ्याचा हट्ट तिने उशिरापर्यंत सोडला नाही, आणि पुढे तो ज्या दिवशी सोडला त्या दिवसापासून पुन्हा त्याचे नाव काढले नाही. एवढ्या दीर्घ आयुष्यात मनुष्य किती वेळा बदलतो, हे कळणे हाच अशा चरित्राचा खरा लाभ होय. आणि तिचे दोष गाळलेस तर ते बदलण्यास तिला पडलेले सायासही त्यांबरोबर गाळले जातील. सत्य सांगितल्याने भक्ती उणावत नाही. ज्या श्रद्धेला तपशिलाचे भय वाटते ती फार काळ टिकतही नाही.

शेवटचे एक. माईसाठी हे लिहिताना तुझी स्वतःची आई विसरू नकोस. ती आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि तिची स्मृती तल्लख आहे. रोज संध्याकाळी तिच्याजवळ वही घेऊन बस. माईविषयी विचारता विचारता तिच्याही आयुष्याची हकीकत तिच्याच तोंडून उतरून घे, म्हणजे माईच्या बाबतीत जे आपण आता दहा जणांकडून गोळा करीत आहोत, ते तिच्या बाबतीत एकाच अस्सल साक्षीने मिळेल. श्राद्धाचा पिंड वर्षातून एकदा द्यावयाचा असतो. ही सेवा जिवंतपणी आणि नित्य करावयाची आहे, आणि पितृऋणाइतकेच मातृऋणही खरे मानणाऱ्या कुळात ती कर्तव्यच होय.

पहिली वही पौष अखेरपर्यंत माझ्याकडे धाड. इथल्या जबान्या मी तोवर तयार ठेवतो. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा