वॅटांचा हिशेब

१९९० च्या दशकातील गोष्ट. एका खेड्यातील भजनी मंडळाने वर्षभर वर्गणी जमवून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ध्वनिवर्धक संच आणला. "हा १००० वॅटचा आहे, सारे गाव ऐकेल," असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. एकादशीच्या रात्री मात्र अभंगाचे शब्द देवळाच्या पायऱ्याही उतरले नाहीत. विक्रेता लबाडच होता असे नव्हे. खोक्यावरचा आकडा त्याने वाचून दाखविला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आठवीतील एका मुलीने संचाची पाठ निरखून पाहिली. तेथे बारीक अक्षरांत '२३० व्होल्ट, ४० वॅट' असे छापले होते. जो संच ४० वॅट वीज घेतो, तो सतत १००० वॅट शक्ती देणार कोठून? खोक्यावरील आकड्यापुढे 'पीएमपीओ' ही चार इंग्रजी अक्षरे होती. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा. तो काढण्याची सर्वमान्य रीतच नाही. सतत मिळणारी शक्ती 'आरएमएस' या नावाने सांगतात.

बुवा संच घेऊन पुन्हा मुंबईस गेले. "आरएमएस किती?" असे त्यांनी विचारताच विक्रेता खोके फिरवून फिरवून पाहू लागला.