शून्य पतंग की बंद दिवा? प्रकाश सापळ्यातील लोड स्विचची इव्हॅल्युएशन बोर्डावरील चाचणी

धानावरील पिवळ्या खोडकिड्याच्या नोंदवहीत 'शून्य' हा आकडा सर्वांत फसवा असतो. त्या रात्री शेतात पतंग नव्हते, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पौर्णिमेच्या आसपासचे चांदणे प्रखर असल्याने पतंग दिव्याकडे कमी ओढले गेले, असाही होऊ शकतो. आणि दिवा लागलाच नाही, असाही होऊ शकतो. सकाळी सापळ्याची पेटी उघडणाऱ्यास तिन्ही बाबतीत रिकामी पेटीच दिसते. पहिल्या दोन शक्यता कीटकशास्त्राच्या कक्षेतील आहेत. तिसरी विद्युतशास्त्राची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

परिणाम मात्र शेतातच भोगावा लागतो. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या टोकाकडे पुंजक्याने अंडी घालते व ती साधारण आठवडाभरात उबतात. ट्रायकोग्रामा जॅपोनिकम हा परोपजीवी कीटक हेक्टरी ५०,००० या प्रमाणात सोडण्याची शिफारस आहे. परंतु तो केवळ अंड्यांवर उपजीविका करतो. अळी एकदा खोडात शिरली की त्याचा उपयोग नाही. म्हणजे पतंगांचा उदय ज्या दोन-चार रात्रींत सुरू होतो, नेमक्या त्याच रात्री दिवा बंद असेल, तर ट्रायकोकार्ड लावण्याची वेळ टळते आणि पुढे फुटव्यात गाभेमर, पोटरीनंतर पळींज पाहणे एवढेच हाती उरते.

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर मार्गावरील सिलतरा हे अशा सापळ्यांच्या दृष्टीने अवघड ठिकाण आहे. एका बाजूस धानाची बांधबंदिस्त शेते, तर दुसऱ्या बाजूस स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने. कारखान्यांचा रात्रीचा उजेड सापळ्याच्या दिव्याशी स्पर्धा करतो. भट्ट्यांची काळी धूळ सौर पॅनेलवर बसली की बॅटरीचे प्रभारण घटते आणि सायंकाळी दिवा लावण्याच्या वेळी ती अर्धवट भरलेली असते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कारखान्यांची एवढी दाटी नाही. कीड मात्र तीच आहे आणि पावसाळी ढगांमुळे बॅटरी अर्धवट राहण्याची अडचणही तीच. सिलतऱ्याच्या परिस्थितीत टिकेल असा सापळा साकोली किंवा सिंदेवाहीच्या बांधावरही टिकेल, असे मानावयास हरकत नाही.

दिवा वेळेवर लावण्याचे व विझवण्याचे काम लोड स्विच करतो. अंधार पडल्यापासून साधारण तीन-साडेतीन तास दिवा चालू ठेवून नंतर तो बंद करणे इष्ट असते. रात्रभर उजेड राहिल्यास परभक्षी भुंग्यांसारखे मित्रकीटकही पेटीत जमा होतात. जुन्या सापळ्यांत या कामासाठी रिले असे. रिलेच्या वेटोळ्यास लागणारा ३० मिलिअँपिअर प्रवाह ही फारशी मोठी बाब नाही. खरी अडचण त्याच्या संपर्कबिंदूंची आहे. दिव्याच्या ड्रायव्हरमधील मोठा कपॅसिटर भरताना क्षणभर जो प्रचंड प्रवाह वाहतो, त्याने हे बिंदू कालांतराने एकमेकांस चिकटतात. मग दिवा विझतच नाही. १२ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर १ अँपिअर घेतो. साडेतीन तासांत ३.५ अँपिअर-तास खर्च होतात. तोच रात्रभर जळत राहिला, तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी मध्यरात्रीनंतर केव्हातरी संपते. दुसऱ्या दिवशी आभाळ असले की सायंकाळी दिवा लागत नाही आणि नोंदवहीत शून्य पडते.

लोड स्विच म्हणजे बॅटरी व दिवा यांच्यामध्ये बसवलेला मॉस्फेट आणि त्याला हळुवार उघडणारे छोटे परिपथ, हे दोन्ही एकाच चिपमध्ये. यांत हलणारा भाग नाही. निवड करताना पहिली कसोटी व्होल्टेजची. बाजारातील अनेक लोड स्विच मोबाइलसारख्या उपकरणांसाठी घडवलेले असून ५.५ व्होल्टच्या पलीकडे चालत नाहीत; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस२२९१८ हा त्यांपैकी एक. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी प्रभारणाच्या वेळी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. तेथे त्याच कंपनीचा २.७ ते १८ व्होल्ट मर्यादेचा टीपीएस२२८१० किंवा त्याच्या तोडीचा दुसरा हवा.

ही चिप दोन-तीन मिलिमीटरची असते. ती हाताने तारांवर डकवून घेतलेली मोजमापे विश्वसनीय नसतात. म्हणून उत्पादक कंपन्या इव्हॅल्युएशन बोर्ड पुरवतात. त्यावर चिप योग्य रीतीने जोडलेली असते. बॅटरी व भार यांसाठी स्क्रूचे जोड, मोजमापासाठी स्वतंत्र चाचणीबिंदू आणि चिप चालू-बंद करण्यासाठी जंपर असतो. चांगले मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप एवढी साधने असल्यास कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत एका दिवसात ही चाचणी होते.

आरंभ खऱ्या दिव्याने करू नये. १२ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर भार म्हणून जोडावा. तो १२ व्होल्टवर १ अँपिअर घेतो आणि त्याचे वर्तन पूर्णपणे ठाऊक असते. स्विच चालू असताना त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. टीपीएस२२८१०चा चालू स्थितीतील रोध सुमारे ७९ मिलिओहम असल्याने १ अँपिअरला ७९ मिलिव्होल्टच्या आसपास आकडा अपेक्षित आहे. येथे नवख्याची हमखास चूक होते. मल्टिमीटरच्या पिना तो बॅटरीच्या तारेच्या टोकाला लावतो. ०.७५ चौ. मि.मी. जाडीची एक मीटर तांब्याची तार सुमारे २३ मिलिओहम रोध देते. म्हणजे स्विचच्या खात्यावर तारेचे २३ मिलिव्होल्ट जमा होतात आणि चांगली चिप सदोष ठरते. प्रवाह स्क्रूच्या जोडांतून वाहू द्यावा व व्होल्टेज मात्र चिपलगतच्या चाचणीबिंदूंवरच मोजावे.

बंद स्थितीतील गळतीही मोजावी, कारण दिवसाचे वीस तास स्विच बंदच असतो. मल्टिमीटरच्या अँपिअर पट्टीपेक्षा एक साधी युक्ती सोयीची आहे. बॅटरीच्या धन तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून त्याच्या दोन टोकांवरील व्होल्टेज वाचावे. जितके मिलिव्होल्ट, तितके मायक्रोअँपिअर. दिवा चालू करण्यापूर्वी हा रेझिस्टर काढण्यास विसरू नये.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची: चालू होण्याच्या क्षणाची. कपॅसिटर भरताना वाहणारा प्रवाह हा त्याची धारकता गुणिले व्होल्टेजवाढीचा वेग इतका असतो. ड्रायव्हरमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि स्विच १ मिलिसेकंदात पूर्ण उघडतो, असे समजा. १२ व्होल्टसाठी हा प्रवाह १२ अँपिअर होतो. तोच स्विच २० मिलिसेकंदांत उघडला, तर केवळ ०.६ अँपिअर. बॅटरी जुनी असून तिचा अंतर्गत रोध व गंजलेले जोड मिळून अर्धा ओहम भरत असेल, तर १२ अँपिअरच्या धक्क्याने व्होल्टेज ६ व्होल्टने खाली येते. मायक्रोकंट्रोलरचा वीजपुरवठा त्या क्षणी तुटतो, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा दिवा लावण्याची आज्ञा देतो आणि पुन्हा कोसळतो. घड्याळास स्वतंत्र बॅटरी नसेल, तर वेळही जाते. बांधावरून पाहणाऱ्यास दिवा लुकलुकताना दिसतो, आणि 'दिवा खराब' म्हणून दिवा बदलला जातो.

ऑसिलोस्कोपची एक वाहिनी स्विचच्या आधी व दुसरी नंतर लावून, चालू करण्याच्या संकेतावर एकदाच टिपण्याच्या स्थितीत ठेवावी. वेग ठरवणारा छोटा कपॅसिटर बदलत जाऊन, आधीच्या वाहिनीवरील खळगा नगण्य होईपर्यंत वेळ वाढवावी. ही चाचणी प्रथम रेझिस्टरवर, मग खऱ्या दिव्यावर करावी. आणि शेवटी प्रयोगशाळेतील नियंत्रित वीजपुरवठा बाजूला सारून, दोन हंगाम शेतात राबलेल्या थकल्या बॅटरीवर, सापळ्यात वापरायच्या त्याच लांबीच्या तारांनी करावी. प्रयोगशाळेचा वीजपुरवठा व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो आणि दोष झाकतो. नवी बॅटरी वापरून उत्तीर्ण झालेला सापळा सप्टेंबरात नापास होतो, त्याचे कारण बहुधा येथेच असते.

सिलतऱ्यासारख्या धुळीच्या जागी निम्न-व्होल्टेज तोडही तपासणे अगत्याचे आहे. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यास स्विच आपोआप बंद व्हावा. पण भार सुटताच बॅटरीचे व्होल्टेज थोडे वर येते. तोडण्याची व जोडण्याची पातळी एकच असेल, तर दिवा रात्रभर उघडझाप करीत राहील. येथे मात्र नियंत्रित वीजपुरवठाच हवा. व्होल्टेज सावकाश उतरवत दिवा विझतो तो आकडा आणि पुन्हा चढवत लागतो तो आकडा, असे दोन्ही लिहून ठेवावेत. त्यांच्यात पुरेसे अंतर असावे.

सापळ्यात शोषण-पंखा असल्यास बंद होण्याच्या क्षणी मोटारीकडून उलट झटका येतो. पंख्याला समांतर डायोड लावूनच चाचणी घ्यावी.

बोर्डावर यशस्वी ठरलेला स्विच पेटीत का फसतो, हा वेगळा प्रश्न आहे. बोर्डावरील रुंद तांब्याचा थर चिपची उष्णता शोषतो. आपल्या छोट्या पट्टीवर तेवढे तांबे नसते. १ अँपिअरला उष्णता ०.०८ वॅटच असल्याने ती नडत नाही, पण प्रवाह दुप्पट केल्यास ती चौपट होते. दुसरी बाब अधिक घातक आहे. बोर्डावरील जंपर चालू-बंदची पिन कायम एका बाजूस धरून ठेवतो. शेतात ती पिन मायक्रोकंट्रोलरच्या स्वाधीन असते आणि तो पुन्हा सुरू होत असताना काही क्षण अधांतरी राहते. दमट हवा, पतंगांच्या पंखांवरचे खवले आणि लोखंडी धूळ यांचा थर पट्टीवर साचला, तर एवढ्याशा गळतीनेही अधांतरी पिन 'चालू' समजली जाऊ शकते. पिन व ऋण टोक यांमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर घातला की हा प्रश्न सुटतो. तो घातल्यावर बोर्डावरील जंपर काढून चाचणी पुन्हा करावी. पेटीची तारेची छिद्रे बुजवावीत हे सांगण्याची गरज कीटकशास्त्रज्ञांनाही पडते, कारण कोरडा उबदार डबा ही मुंग्यांसाठी वसाहतीची उत्तम जागा आहे.

चाचणी आटोपल्यावर नोंदवहीत एक रकाना वाढवावा. स्विचच्या पुढच्या, म्हणजे दिव्याकडील बाजूचे व्होल्टेज दर पंधरा मिनिटांनी मायक्रोकंट्रोलरला वाचू द्यावे. त्यासाठी दोन रेझिस्टर पुरतात. त्यावरून रात्री दिव्याला किती मिनिटे वीज मिळाली, हे सकाळी कळते. पतंगांची संख्या एका रकान्यात, दिव्याची मिनिटे दुसऱ्यात, चंद्राची तिथी तिसऱ्यात लिहावी. दिव्याची मिनिटे ठरल्यापेक्षा कमी भरली, तर पतंगांच्या रकान्यात शून्य लिहू नये. 'नोंद नाही' असे लिहावे आणि त्या दिवशी शेतात फिरून अंडीपुंज मोजावेत. चौरस मीटरला एक अंडीपुंज आढळला, तर सापळ्याच्या आकड्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.