भाताच्या जनुकांचे दप्तर आणि त्याची निगा

गावाची मोजणी होऊन नकाशा तयार झाला, म्हणजे जमिनीची सर्व माहिती हाती आली असे होत नाही. कोणता सर्व्हे नंबर कोणाच्या नावे आहे, त्यात कोणते पीक आहे, याची नोंद सातबारावर व्हावी लागते आणि बदल होईल तसतसे फेरफार घ्यावे लागतात. पिकांच्या जनुकांची गोष्टही अशीच आहे.

भाताचा नकाशा
भाताची १२ गुणसूत्रे आहेत. त्यांवरील आनुवंशिक मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असून तो सुमारे ३९ कोटी अक्षरांचा आहे. जपान, भारत व इतर देशांच्या शास्त्रज्ञांनी 'निप्पोनबारे' या जपानी वाणाचा हा मजकूर वाचून २००५ साली प्रसिद्ध केला. भारताने ११ व्या गुणसूत्राच्या कामात भाग घेतला होता. परंतु हा केवळ नकाशा होय. कोणता भाग जनुक आहे व ते काय कार्य करते, हे त्यावरून आपोआप कळत नाही.

नोंद कशी होते?
(१) प्रथम संगणक जनुकांच्या जागांचा अंदाज करतो.
(२) रोपाच्या पेशीत प्रत्यक्ष आढळणाऱ्या जनुकांच्या प्रतींशी तो ताडून पाहतात.
(३) इतर वनस्पतींतील माहीत असलेल्या जनुकांशी साम्य शोधतात.
(४) शेवटी प्रयोगाने कार्य सिद्ध झाले, तर तज्ज्ञ तशी नोंद करतात.
प्रत्येक नोंदीपुढे तिचा पुरावा लिहिणे आवश्यक असते. तसे न केल्यास अंदाजालाच सिद्ध गोष्ट समजून ती चूक इतर पिकांच्या नोंदींतही उतरते.

शेतकऱ्यास उपयोग
ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेला 'एफआर १३ ए' हा वाण पुराच्या पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरतो. त्याचे कारण असलेले 'सब १ ए' हे जनुक २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे बुडालेले रोप वाढ आवरते व साठवलेली शक्ती राखून ठेवते. हा गुण घातलेला 'स्वर्णा सब १' हा वाण भारतात २००९ साली प्रसारित झाला. विशेष म्हणजे निप्पोनबारे वाणात हे जनुक मुळातच नाही. एकाच वाणाच्या दप्तरावर विसंबून चालत नाही, ते यामुळेच.

दप्तराचा खर्च
मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या लहान वनस्पतीच्या नोंदींचा आधार भातासह अनेक पिकांच्या नोंदींना मिळतो. तिचे 'टेअर' हे दप्तर १९९९ पासून अमेरिकन सरकारच्या अनुदानावर चालत होते आणि इंटरनेटवर सर्वांस खुले होते. नवे संशोधन वाढतच होते. अनुदान मात्र टप्प्याटप्प्याने बंद झाले. तेव्हा दप्तर सांभाळणाऱ्यांनी २०१३ साली 'फिनिक्स बायोइन्फर्मॅटिक्स' ही ना-नफा संस्था काढली व विद्यापीठांकडून वर्गणी घेण्यास आरंभ केला. नव्या नोंदी एक वर्षानंतर सर्वांस विनामूल्य देण्याचे ठरले. विहीर खणण्यास पैसा मिळतो, पण दरसालच्या गाळ काढणीस मिळत नाही, हा अनुभव येथेही आला.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे
जनुकाची नोंद अखेरीस शेतातील गुणाशीच जोडावयाची असते. म्हणून एखादा स्थानिक वाण पुरात, अवर्षणात किंवा रोगात टिकलेला आढळल्यास त्याचे नाव, ठिकाण, तारीख व पाणी किती दिवस साचले होते, हे तेथल्या तेथे लिहून ठेवावे आणि बियाण्याचा नमुना जवळच्या कृषि संशोधन केंद्राकडे द्यावा.