परदेशी सेवेस जाणाऱ्याची अंतरीची तयारी

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 13:1–13, 14:26–28, 15:36–40, 18:1–4 व 24–26

आपल्या नेवासे तालुक्यातून कोणी परदेशी गेले तर आता त्याचे फारसे नवल वाटत नाही. सोनईसारख्या गावातली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आणि समुद्रापलीकडच्या इस्पितळात कामास लागते. तिच्या पारपत्राची, दाखल्यांची, प्रवासखर्चाची चिंता सारे घर वाहते. परंतु समजा, एखाद्या मुलीने पगारासाठी नव्हे तर प्रभूच्या नावाने जाण्याचे मनात आणिले. दोन-तीन वर्षे एखाद्या गरीब देशात, दहा ठिकाणांहून आलेल्या सोबत्यांबरोबर एका घरात राहून सेवा करण्याचे तिने ठरविले. मग तिच्या अंतःकरणाची तयारी कोणी करवून घ्यावयाची? मंडळीने एका रविवारी हार घालून प्रार्थना करावी आणि काम झाले असे समजावे काय?

ह्या बाबतीत आपल्या कॅथलिक बंधूंची रीत पाहण्याजोगी आहे. मिशनकार्य म्हणजे फादर व सिस्टर यांचेच काम, अशी समजूत त्यांच्यात पुष्कळ काळ होती. आपल्यातही ती अगदीच नाही असे नाही! 1965 च्या डिसेंबरात त्यांच्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याविषयी जे फर्मान काढिले, त्यात प्रापंचिक ख्रिस्ती लोकांचाही ह्या कार्यात वाटा आहे असे स्पष्ट सांगितले. पुढे 1969 साली एडविना गेटली नावाच्या एका इंग्लिश प्रापंचिक स्त्रीने अशा सेवकांसाठी एक चळवळ उभी केली. अशा संस्थांतून वैद्य, शिक्षक, सुतार, विवाहित जोडपी परदेशी जातात. त्यांना एकदम जहाजात किंवा विमानात बसवीत नाहीत. आधी काही काळ एकत्र राहून प्रार्थना, मौन, आत्मपरीक्षण आणि घरची कामे करावी लागतात.

ह्यात मठवासी लोकांची रीत प्रापंचिकांवर लादली आहे, असे कोणी म्हणेल. पण वस्तुस्थिती निराळी आहे. येशूसंघाच्या ज्या आत्मिक साधनेतून संत फ्रान्सिस झेवियर घडला आणि 1542 साली गोव्यास उतरला, ती साधना इग्नेशियसने स्वतः प्रापंचिक असतानाच लिहावयास आरंभिली होती. 1521 साली तो लढाईत जखमी झाला, पुढल्या वर्षी मान्रेसा येथे एकांतात राहिला; त्याची धर्मगुरूची दीक्षा 1537 सालची. दिवसाच्या शेवटी आपले मन कोठे प्रभूकडे वळले व कोठे पाठमोरे झाले, हे शांतपणे तपासण्याची जी सवय तो लावी, ती शेतातून थकून आलेल्या माणसालाही साधेल. त्याला दिवा व चटई पुरे.

पहिल्या मंडळीतही असेच होते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे तंबू करणारे जोडपे. पौल त्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर हाताने काम केले. आणि पुढे इफिसात अपुल्लोसासारख्या विद्वानाला त्यांनीच जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. आपल्या नगरच्या इतिहासातही अशी एक स्त्री आहे. अमेरिकेतील शाळाशिक्षिका सिंथिया फरार 1827 साली मुंबईस आली, 1839 पासून नगरास राहिली आणि 1862 साली मरण पावली. ती पाळक नव्हती, कोणा मिशनऱ्याची पत्नीही नव्हती. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि 1848 साली पुण्यास स्वतः शाळा काढिली, हे सर्वांस ठाऊकच आहे. तिच्या तयारीचे मोल तिच्या टिकून राहण्यावरून करावे.

आता पहिला प्रश्न : मी का जाते? घरच्या कटकटीतून सुटावे, गावात नाव व्हावे, नवा देश पाहावा, हे हेतू सेवेच्या हेतूत कसे मिसळून जातात ते आपले आपल्यालाच कळत नाही. निर्मळ हेतूची वाट पाहत बसले तर कोणीच जाणार नाही. पण हेतू ओळखून, एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसापाशी मोकळेपणी बोलून जावे. न ओळखलेला हेतू परदेशी गेल्यावर सहा महिन्यांत डोके वर काढतो.

ह्यापेक्षाही कठीण गोष्ट म्हणजे एका छपराखाली राहणे. ह्याविषयी नगरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जॅक विन्स्लो हे इंग्लिश मिशनरी 1914 साली हिंदुस्थानात आले. परदेशी मिशनरी आपल्या बंगल्यात, आपल्या ताटात, आपल्या पोशाखात राहतो आणि म्हणून लोकांचा होत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. 1922 साली, संत बर्णबाच्या सणाच्या दिवशी, त्यांनी काही भारतीय सोबत्यांसह नगरास ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. खादी नेसावी, जमिनीवर बसून देशी अन्न जेवावे, प्रार्थनेच्या वेळा एकत्र पाळाव्या, गोरा व काळा हा भेद घरात नसावा, असा नेम. पुढे संघ पुण्यास गेला; 1927 साली इंग्लंडहून तरुणांची एक तुकडी येऊन मिळाली. त्यांत व्हेरियर एल्विन होते. संघातच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सोबती भेटला, आणि 1932 च्या जानेवारीत ते दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंड लोकांत जाऊन राहिले.

परंतु 1934 साली संघ दुभंगला. ज्यांना ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन कडक नियमाने राहावयाचे होते ते ख्रिस्त प्रेम सेवा संघ म्हणून वेगळे झाले. ज्यांना विवाहितांसह विस्तृत सोबत हवी होती त्यांचा मार्ग निराळा झाला. कोणी वाईट होते म्हणून हे घडले नाही. सारे चांगले लोक होते! आणि ज्या बर्णबाच्या सणाला संघ स्थापिला, त्याच बर्णबाचे पौलाशी मार्कावरून केवढे भांडण झाले ते 15 व्या अध्यायात आहे. उपास व प्रार्थना करून, हात ठेवून पाठविलेले ते दोघे. तरी वेगळे झाले. मार्काला बर्णबाने हाताशी धरिले, आणि पुढे पौलानेच त्याला उपयोगी म्हणून बोलाविले. एकत्र राहण्याची तयारी म्हणजे भांडण होणारच नाही अशी आशा धरणे नव्हे. भांडणानंतर ताटावर पुन्हा शेजारी कसे बसावे, हे आधी शिकणे होय.

पंडिता रमाबाईंचेही उदाहरण घ्या. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेजच्या धर्मभगिनींपाशी राहिल्या, तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. भगिनींनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले. तथापि रमाबाई शाकाहारीच राहिल्या, आणि आपल्या बुद्धीला न पटलेली गोष्ट केवळ सांगितली म्हणून मान्य करणे त्यांना जमले नाही. ह्यावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. एका बाजूस अन्नाचा प्रश्न अहंकाराचा वाटतो, दुसऱ्या बाजूस स्वाभिमानाचा. आपली मुलगी परदेशी जाईल तेव्हा तिलाही हे ठरवावे लागेल : कोणती गोष्ट प्रभूसाठी सोडावयाची, आणि कोणती केवळ यजमानांच्या सोयीसाठी सोडण्याचा आग्रह होत आहे? ह्याचे उत्तर येथून बांधून देता येत नाही. परंतु आपल्या भाकरीचा व मायबोलीचा अभिमान आणि दुसऱ्याच्या ताटाची किळस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तिला सोनईतच कळू शकते.

मग सराव कोठे करावा? घरीच. ज्या वस्तीत आपण कधी जेवलो नाही तेथे जाऊन जेवावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याबरोबर मंदिर झाडण्याची पाळी मागून घ्यावी. सोनईची मुलगी मोठ्या एकत्र कुटुंबात वाढली असेल तर भांडी घासण्याची पाळी, सासू-सुनेची कुरबूर, एका खोलीत आठ माणसे, हे तिला ठाऊकच असते. परदेशी शिबिरात पैसे देऊन शिकविली जाणारी ही विद्या तिने चुलीपाशी मिळविली आहे. तिला जे येत नाही ते एकटे राहणे. घरात सतत माणसे असल्याने एकांताची प्रार्थना तिने कधी केलेलीच नसते. म्हणून जाण्यापूर्वी सहा महिने रोज ठरल्या वेळी, कोणी हाक मारली नाही तरी आणि मारली तरीही, अर्धा तास प्रभूपाशी बसण्याचा नेम तिने धरावा. घरच्यांनी त्या वेळी तिला पाणी आणावयास पाठवू नये!

मंडळीचे काम मात्र निरोपाच्या रविवारी संपत नाही. पुण्याच्या त्या जुन्या आश्रमात 1972 साली वाँटेजच्या परंपरेतील भगिनी व सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. एकदा दुभंगलेल्या घरात अडतीस वर्षांनी आणखी विस्तृत कुटुंब आले, ते घर कोणी तरी राखून ठेविले होते म्हणून. अंत्युखियाच्या मंडळीनेही तसेच केले : पौल व बर्णबा परत आले तेव्हा सर्वांना जमवून त्यांचे ऐकून घेतले. घरोघरच्या प्रार्थनासभेत ह्या आठवड्यात एवढेच बोलावे : आपली मुलगी दोन वर्षांनी परत येईल, कदाचित थकून, कदाचित मार्कासारखी अर्ध्या वाटेतून, तेव्हा तिचे ऐकावयास कोण बसणार आहे, आणि तिला पत्र लिहिण्याची पाळी पहिल्या महिन्यात कोणाच्या घरी?